एकसष्टावं नाव: जिल्हा परिषदेची शाळा, पट आणि आपण

(अड्याळ येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला बोलावताना 'मुस्लिम तरुण आणि शिक्षण' असा विषय दिला होता. या विषयावर तुम्ही बरीच भाषणं ऐकली असतील. त्यात बहुतेक वेळा मोठी स्वप्नं असतात, आयएएस झालेल्या एखाद्या मुलाचा फोटो असतो आणि शेवटी टाळ्या असतात. मी ते करणार नाही, मला जमतही नाही. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये शिकवलं. नोकरीला लागले तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. त्यामुळे पहिली नेमणूक थेट सालेकसा बाजूला मिळाली होती. नंतर बदली होऊन इकडे आले आणि उरलेली नोकरी याच पवनी तालुक्यात गेली. मला शाळेचे कागद समजतात, म्हणून आज कागदांवरच बोलते. शाळेला पैसा कुठून येतो, शिक्षक किती मिळतात ते कोण ठरवतं आणि त्या शाळेत आता कुणाची मुलं उरली आहेत, एवढंच.

आधी पैसा. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असतात, देशभरात तेरा हजारांच्या आसपास. काही तर आपल्या अड्याळच्या परिसराएवढे लहान. शाळेच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या भागातल्या घरांवरच्या करातून येतो. म्हणजे ज्या वस्तीत घरं महाग, तिथली शाळा सहसा श्रीमंत. हे ऐकून मी त्याला म्हटलं, बाबा, मग आमची पद्धत बरी. आपल्याकडे शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. भंडारा शहरातल्या शाळेतला शिक्षक आणि पवनीच्या कोपऱ्यातल्या शाळेतला शिक्षक एकाच वेतनश्रेणीत असतो. गावाची घरपट्टी किती जमली याचा त्याच्याशी संबंध नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती कधी बोलून दाखवत नाही.

पण पगार सोडला तर शाळेच्या हातात काय येतं? समग्र शिक्षा नावाची योजना २०१८ पासून आहे, केंद्राचे साठ टक्के आणि राज्याचे चाळीस. तिच्यातून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर मुलं असतील तर २५,०००, त्यापुढे अडीचशेपर्यंत ५०,०००. यातले दहा टक्के तरी स्वच्छतेवर खर्च करायचे. माझ्या शाळेत साठ-एकसष्ट मुलं होती. २५,००० मधून अडीच हजार स्वच्छतेचे वजा करा, उरले साडेबावीस हजार. महिन्याला १,८७५ रुपये. यात विजेचं बिल, खडू, रजिस्टर, नळाची तोटी, फुटलेलं कवेलू, इंटरनेटचा रिचार्ज, सगळं आलं. आणि हे पैसे जूनमध्ये येत नाहीत. माझ्या अनुभवात ते बऱ्याचदा वर्ष संपता संपता आले, ३१ मार्चच्या आत खर्च करा या सूचनेसह. मधल्या काळात मुख्याध्यापक किराणा दुकानासारखी उधारी चालवतो. काही वेळा मी माझ्या पगारातून बिल भरलं. हे सांगण्यात मोठेपणा नाही, जवळजवळ प्रत्येक शाळेत कुणीतरी भरतंच.

पोषण आहाराचं वेगळं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ. साठ मुलांना रांधायला दोन बाया. केंद्रानं त्यांचं मानधन महिन्याला १,००० रुपये धरलं ते २००९ मध्ये, तेही वर्षाच्या दहा महिन्यांसाठी. राज्य त्यात भर घालतं, पण केंद्राचा आकडा जागचा हललेला नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला शाळेतली सगळ्यात जुनी थकबाकीदार म्हणायला हरकत नाही.

आता शिक्षक. इथे मला थोडा वेळ लागेल, कारण माझं मन इथेच अडकलेलं आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, एक-दोन पानांचं. तुमच्यापैकी प्रत्येकानं ते वाचावं असं मला वाटतं, कारण गावातल्या मुलाचं नशीब त्या तक्त्यात आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं दाखल असतील तर दोन शिक्षक. एकसष्ट ते नव्वद असतील तर तीन. एक्क्याण्णव ते एकशेवीस असतील तर चार. बघा, साठ आणि एकसष्ट यात एका मुलाचा फरक आहे आणि तो फरक म्हणजे एक अख्खा शिक्षक.

दोन शिक्षक म्हणजे नक्की काय? पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन माणसं. त्यातला ज्येष्ठ असतो तो प्रभारी मुख्याध्यापक, कारण एवढ्या शाळेला मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळत नाही. प्रभारीचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जातो. मुलांची माहिती, आहाराची माहिती, शौचालयाची माहिती, कुणीतरी दुपारी बाराला मागितलेली आणि दोनपर्यंत हवी असलेली माहिती. निवडणुकीचं काम कायद्याच्या कलम २७ नं मान्यच केलेलं आहे. तेव्हा चार वर्गांना मिळून दीड शिक्षक पकडा. एका फळ्यावर मधोमध रेघ मारून इकडे पहिलीची बाराखडी आणि तिकडे दुसरीची वजाबाकी, हे मी वर्षानुवर्षं केलंय. होतं. पण पहिलीतल्या ज्या मुलाच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्याच्याजवळ बसायला वेळ उरत नाही.

आणि ते मूल कोण असतं? आपलं. आपल्या घरात ही खिचडी भाषा, थोडी हिंदी, थोडी उर्दू, वरून झाडीपट्टीचा हेल. मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला 'पाऊस' कळतो, पण 'पाऊस थांबला की आपण शेतात जाऊ' हे सलग वाक्य कळायला दिवाळी उजाडते. कुणी त्याच्याशी रोज दहा मिनिटं बोललं तर ते दिवाळीच्या आत वर्गाच्या बरोबरीला येतं, हे मी पाहिलेलं आहे. कुणी बोललं नाही तर ते मागच्या भिंतीला टेकून चौथीपर्यंत जातं, हेही पाहिलेलं आहे.

तर २०२२-२३ सालची गोष्ट. माझ्या शाळेचा पट एकसष्ट. गावाचं आणि शाळेचं नाव सांगत नाही. तीन शिक्षक होतो. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे कोणत्या शाळेला किती पदं ते ठरतं. त्या वर्षी नियम आला की ज्या मुलाचं आधार वैध आहे तेच मूल मोजायचं. नाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी, हे तिन्ही आधारवर आणि शाळेच्या नोंदीत तंतोतंत जुळलं पाहिजे. साठ मुलांचं जुळलं. एका मुलीचं जुळलं नाही.

ती पहिलीत होती. वडील बांगड्यांचा गाडा घेऊन आठवडी बाजार करायचे. मुलीचा जन्म आजोळी झालेला, जन्माच्या दाखल्यावर मुलीचं नावच लिहिलेलं नव्हतं. आधार कार्ड ती तान्ही असताना काढलेलं, त्यावर एक नाव आणि पुढे 'बी'. शाळेत आम्ही आमच्या साच्यानं लिहिलं, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे नव्यानं द्यायचे असतात, तेही दिलेले नव्हते. आपल्याकडे किती घरांत हे असंच आहे ते तुम्हाला माहीत आहे. 'शेख' एका कागदावर पुढे, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर गायब. वडिलांच्या नावात कुठे 'मोहम्मद', कुठे नुसतं 'मो.'. आपण हसतो त्यावर. यंत्र हसत नाही.

वडील दोनदा पवनीला जाऊन आले, म्हणजे त्यांचे दोन बाजार बुडाले. पहिल्यांदा नेट नव्हतं, दुसऱ्यांदा जन्मदाखला चालला नाही. त्यासाठी आजोळी जाऊन नाव चढवून आणायचं होतं. मला आई म्हणाली, "मॅडम, पढाने कू भेजी मैं, कागज कू नही भेजी." मला उत्तर सुचलं नाही.

दोष माझाही आहे, आणि तोच सांगायला मी इथे उभी आहे. मला ही अडचण जुलैतच दिसली होती. आधार वैध करायची मुदत पुढे पुढे ढकलली जात होती, तशी मीही ढकलत गेले. तुम्हाला माहीत आहे, आपल्या विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. उघडल्या की लगेच रोवणीचा हंगाम. आया बांधीत पऱ्हे लावायला जातात, मोठ्या मुली लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात. तेव्हा निम्मी शाळा गोळा करण्यातच दिवस जातो. मग पोळा, मग गणपती. मी स्वतः एक दिवस रजा टाकून त्या माणसाबरोबर गेले असते, तर काम झालं असतं असं मला अजून वाटतं. मी गेले नाही. वैध पट साठ भरला आणि तिसरं पद गेलं. आमचे तिसरे गुरुजी अतिरिक्त ठरले आणि दुसऱ्या शाळेत गेले.

पुढच्या वर्षी त्या मुलीचे वडील दुरुस्त झालेलं कार्ड घेऊन आले. खुशीत होते. तोवर "दोनच मास्तर हायेत, काहून ठेवायचं पोट्ट्यांना" म्हणून तीन घरांनी मुलं कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवली होती. पट अठ्ठावन्न. कार्ड अगदी बरोबर होतं. मी नोंद करून घेतली.

कायद्याच्या परिशिष्टात 'दाखल झालेली मुलं' असा शब्द आहे. आधार जुळलेली मुलं असा नाही. ती मुलगी रोज येत होती, आमच्याबरोबर जेवत होती, तिचा हजेरी क्रमांक होता. ती दाखल होती. खोटे पट असू नयेत हे मला पटतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची केवढी मुलं प्रत्यक्षात नव्हती ते सगळ्यांनी पाहिलं. त्या लबाडीची किंमत अशी फिरून फिरून गाड्यावाल्याच्या मुलीनं द्यावी, हे मात्र मला पटत नाही.

आता उरलेल्या मुलांकडे येते. शाळेच्या माहितीत रकाने असतात, अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, अल्पसंख्याक, दिव्यांग. मी लागले तेव्हा गावातल्या पाटलाचा नातू आणि त्याच्या शेतावरच्या मजुराचा मुलगा एका पाटीवर बसायचे. हळूहळू ज्यांच्याकडे गाडीभाड्याचे पैसे आहेत ते निघाले. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. पुढे पाणी चढलं तसतशी याच तालुक्यातली गावं उठून नव्या गावठाणात आली. त्या फेऱ्यात मोबदला हातात पडलेली काही कुटुंबं शहरात गेली. राहिली ती भूमिहीनांची, ढिवरांची, बौद्ध वस्तीतली आणि आपली मुलं. त्यातही मुली जास्त. कारण घरात एकाच मुलाची फी भरता येत असेल तर ती मुलाची भरली जाते. हे सगळ्या समाजांत आहे, आपल्यात काही कमी नाही. फातिमाबींच्या जयंतीला आपण फोटो लावतो, हार घालतो, आणि जुलै महिन्यात त्याच घरातला मुलगा पिवळ्या गाडीत बसतो आणि बहीण चालत जिल्हा परिषदेत येते.

मला बोलायचा अधिकार किती, असं तुम्ही विचाराल. विचाराच. माझी स्वतःची मुलगी भंडाऱ्याला इंग्रजी शाळेत शिकली. पगार जिल्हा परिषदेचा घेतला आणि पट दुसऱ्याचा वाढवला. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की एका मुलीनं काय फरक पडतो. तो फरक मी मघाशी सांगितला.

आपल्याबद्दल लोकांचा एक समज असतो की मुसलमान मुलं मदरशात जातात. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा आहे. त्यात शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी फक्त सुमारे तीन टक्के मदरशात जातात असं आलं. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे, तो आपण कमी सांगतो. सहा ते चौदा वयातली पंचवीस टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती, नाहीतर मधेच सुटली होती. म्हणजे आपला प्रश्न मदरशाचा कमी आणि सरकारी शाळेचा जास्त. ती टिकते की नाही याचा.

आणि ती टिकेलच असं आज कुणी सांगू शकत नाही. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा राज्यात पुढे आला, त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं. या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, अशी चर्चा सुरू झाली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे एकही शिक्षक मंजूर होत नाही, असा तो निकष. कागदावर वर्ग चालू, शिकवायला माणूस नाही. मग सहावीची मुलगी काय करणार? शेजारच्या गावी जा म्हणतात. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, चांगली सोय आहे. पण शाळेच्या वेळेला गाडी असेल तर. नसेल तर आपल्या घरांत काय होतं, ते इथे बसलेल्या मुलींना मी सांगायची गरज नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीचं शिक्षण 'उद्यापासून नको' अशा एका वाक्यात थांबतं. कुणी भांडतसुद्धा नाही.

पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची केंद्राची शिष्यवृत्ती होती. लहान वर्गांना वर्षाला १,००० रुपये. २०२२-२३ पासून ती बंद झाली, फक्त नववी-दहावीला ठेवली गेली. हजार रुपयांत काय होतं म्हणाल, पण त्या निमित्तानं आपले पालक शाळेत यायचे, कागद नीट करून घ्यायचे. ते येणंही थांबलं.

तुम्ही तरुण आहात, बरेच जण अजून पालक नाही. मग तुम्ही काय करायचं? प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला, हे कायद्यात आहे. अनुदान तिच्या नावानं येतं, शाळा विकास आराखडा तिनं करायचा. माझ्या बत्तीस वर्षांत आपल्या समाजातली एकच बाई सभेत बोललेली मला आठवते. बाकीच्या यायच्या, सही करायच्या, जायच्या, कारण घरच्या कामाचा खोळंबा. तुमची वहिनी, खाला, मोठी बहीण त्या समितीवर असू शकते. तिला सभेच्या आधी अर्धा तास देऊन संचमान्यतेचा कागद समजावून सांगा. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती. कायद्याचं कलम २६ म्हणतं की रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. दोन शिक्षकांच्या शाळेतला एक गेला तर निम्मी शाळा रिकामी होते. हा प्रश्न तिनं सभेत विचारला आणि इतिवृत्तात लिहून घेतला, तर त्याला वजन येतं. तोंडी बोलण्याला येत नाही, हे मी खुर्चीच्या त्या बाजूला बसून शिकले.

अड्याळ काही आडगाव नाही. २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. इथे मतं मागायला मोठमोठी माणसं येऊन गेली आहेत. त्यांना रस्ता, सभागृह, शादीखाना मागितला गेला. शाळेतलं तिसरं पद कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

बरं, थांबते. दोन कामं करायची आहेत आणि चहा थंड होतोय. त्या टेबलावर मी कोरे फॉर्म ठेवले आहेत. तुमच्या मोहल्ल्यात पहिली ते पाचवीची जेवढी मुलं आहेत, त्यांची नावं तीन ठिकाणी कशी लिहिली आहेत ते लिहून आणा, जन्मदाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या रजिस्टरवर. तिन्ही अक्षर न् अक्षर. जिथे फरक असेल तिथे लाल पेनानं खूण. पुढच्या रविवारी मी इथेच बसेन, आणि सोमवारी ज्यांना पवनीला जायचंय त्यांच्याबरोबर जाईन. ज्यांच्याकडे मोटरसायकल आहे त्यांनी आत्ताच हात वर करा.